मिटलेल्याला अधिक

मिटलेल्या ओळीपुढं अधिकचं चिन्ह असतं,
उघडली की उणे.
हे कुणी ठरवलं ठाऊक नाही.
तेरा वर्षं मी तसंच लिहीत आले,
उद्यमनगरात, खाली लेथ, वर माझं ऑफिस,
टेबलावरचा चहा दिवसभर थरथरतो.

शिरोलीच्या फाउंड्रीला दिलेली माझी खिडकी:
डावीकडं नगांची नावं, पंपाचं आवरण, ब्रेकड्रम, फ्लायव्हील,
उजवीकडं निवडलेल्या नगाचं सगळं,
ग्रेड, वजन, कोअर, रायझर,
आत, आणखी आत,
बोटभर सरकत जाणाऱ्या ओळी.

दस्तगीर मुजावर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"म्याडम, ह्यो रायझर मी उघडतोय,
दुसरा नग निवडला की परत मिटतंय.
दिवसातनं दोनशे येळा उघडायचं व्हय?
घरचं दार बी एवढं उघडत न्हाई मी."

खरं होतं.
नग बदलला की मी झाड मुळापासून नवं उभं करत होते,
नव्या झाडाला जुन्या फांद्या कशा आठवणार.

मग सोपं केलं. सोमवारची सुट्टी तोंडावर होती.
एकच ओळ: सगळं उघड.
बुधवारी फोन केला, चाललंय का?
"चाललंय," म्हणाले.
चाललंय म्हणणारा माणूस
आमच्या कोल्हापुरात एवढ्या हळू बोलत नाही.

गेले. रात्रीची भट्टी, वीज तेव्हा स्वस्त.
पडद्यावर अठ्ठावन्न ओळी सताड,
आणि अगदी खाली, पॅटर्नच्या पोटात, जिथं कुणी जात नाही,
प्रत्येक नगाला तेच:
घडवणारा – यासीन मुजावर.
दस्तगीरभाई त्या ओळीवर तळहात ठेवून
वरचं वजन वाचत होते.
"सगळं उघडं नगो म्याडम.
लागंल तेवढंच."

कोण यासीन, मी विचारलं नाही.
चहाच्या पोरानं वजनकाट्यापाशी आपणहून सांगितलं,
धाकटा भाऊ, सागवानी साचे असे करायचा की
हात फिरवला तर सांधा लागायचा नाही.
जागेवरनं बिनसलं, सहा वर्षं झाली.
आता हुपरीत असतो, चांदीच्या कामात.

तिसऱ्यांदा नीट लिहिलं.
झाड पाडायच्या आधी वरून खाली फिरायचं,
उघड्या ओळींचे पत्ते टिपायचे.
नुसतं नाव पुरत नाही, अख्खा पत्ता,
कारण वजन दोन ठिकाणी असतं,
नगाचं वेगळं, कोअरचं वेगळं.
नवं झाड उभं राहिलं की
पत्ता सापडेल तिथं उघडायचं,
नाही सापडला तर गप्प बसायचं.
(ही अट विसरले तेव्हा सगळं कोसळलं होतं, दोनदा.)
रात्री यादी फाइलमध्ये,
सकाळी परत झाडावर.

"आता कसं," दस्तगीरभाई म्हणाले,
"ठेवलं तिथं गावतंय."
आणि खिशातले फुटाणे माझ्या हातावर ओतले,
थोडी काळी वाळू होती त्यात.

मार्चअखेर नवा संगणक आला.
ती फाइल मीच हलवली,
हलवण्याआधी वाचली, निव्वळ सवयीनं.
ग्रेड मिटलेलं. कोअर मिटलेला.
ज्याच्यासाठी एवढं भांडले तो रायझरसुद्धा.
एकच पत्ता उघडा:
पॅटर्न, त्यात घडवणारा,
त्यात मीच कधीतरी, रकाना असावा म्हणून
ठेवलेला
फोन.

मी काही दुरुस्त केलं नाही.
नव्या मशीनवर फाइल होती तशी ठेवली,
खुर्ची त्यांच्याकडं सरकवली,
म्हटलं, "तुम्हीच चालू करा, मी पाणी पिऊन येते."

पाण्याचा माठ पार गेटजवळ.
शेडमध्ये रात्रीचे साचे फोडत होते,
वाळू पडत होती,
दोन ग्लास प्याले, मग तिसराही भरला.